बाउहाउस पहिल्यांदा बघायला जाताना: देसाउची दोन दिवसांची वाट

बाउहाउस ही मुळात जर्मनीतली कला, हस्तकला आणि वास्तुकलेची एक शाळा होती. १९१९ ते १९३३ अशी जेमतेम चौदा वर्षं ती चालली आणि तेवढ्यात तिने तीन गावं बदलली, तीन संचालक पाहिले. वास्तुविशारद वाल्टर ग्रोपिउसने ती वायमारमध्ये सुरू केली. १९२५ मध्ये ती देसाउला आली. १९३२ मध्ये नात्सींच्या ठरावावरून देसाउच्या नगरपरिषदेने ती बंद पाडली, आणि बर्लिनमध्ये खाजगी शाळा म्हणून तग धरण्याचा प्रयत्न पोलिसांच्या धाडीनंतर काही महिन्यांतच संपला. १९३३ च्या जुलैत शिक्षकांनी स्वतःच शाळा विसर्जित केली.

हे आधी सांगायचं कारण असं की इथल्या संग्रहालयात सुंदर वस्तू बघायला म्हणून गेलेला माणूस तासाभरात कंटाळून बाहेर येऊ शकतो. पेटीत घड्या घातलेला कागद असतो, विणकामाचे हातभर तुकडे असतात, आणि कुठल्याही ऑफिसबाहेर दिसेल तशी एक खुर्ची असते. पण त्याच वस्तू विद्यार्थ्याच्या वहीसारख्या वाचल्या, म्हणजे ही कशाची आहे, कोणत्या हत्याराने केली, करणाऱ्याचं कुठे अडलं असं विचारत गेलं, तर दोन तासही पुरत नाहीत. पुढचं सगळं मार्गदर्शन या एका सवयीभोवती बांधलेलं आहे.

आधी गाव ठरवा

बाउहाउसची मोठी संग्रहालयं तीन गावांत आहेत आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे.

वायमारचं संग्रहालय ६ एप्रिल २०१९ रोजी उघडलं. हाइके हानाडा या वास्तुविशारद बाईंनी केलेला तो काँक्रीटचा जवळजवळ बंद ठोकळा आहे. तिथे शाळेची सुरुवातीची वर्षं नीट दिसतात. १९२५ मध्ये गाव सोडताना कार्यशाळांमधल्या १६८ वस्तू वायमारमध्येच ठेवल्या गेल्या आणि त्यांच्याभोवती हा संग्रह वाढला.

देसाउचं संग्रहालय त्याच वर्षी ८ सप्टेंबरला उघडलं. सुमारे ४९,००० वस्तूंचा हा संग्रह जगातला दुसऱ्या क्रमांकाचा मानला जातो. पण देसाउचं खरं बळ संग्रहालयाच्या भिंतींबाहेर आहे. शाळेची मूळ इमारत, शिक्षकांची घरं, कामगारांची वसाहत, ही सगळी बांधकामं तिथे चालत किंवा बसने गाठता येतात. वायमार आणि देसाउमधल्या बाउहाउस वास्तू १९९६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

बर्लिनचं बाउहाउस-आर्काइव्ह ग्रोपिउसच्याच आराखड्यावरून बांधलेल्या इमारतीत १९७९ मध्ये सुरू झालं. ही इमारत दुरुस्ती आणि विस्तारासाठी २०१८ मध्ये बंद झाली. तिच्या भरवशावर सहल आखू नका. निघायच्या आठवड्यात संस्थेच्या संकेतस्थळावर स्थिती बघा, कारण जुन्या प्रवासपुस्तकांवर विसंबलात तर कुंपणापाशी पोचाल.

पहिल्या भेटीसाठी आमची शिफारस देसाउची. तिथे वस्तू आणि ती जिथे वापरायची ती जागा एकाच दिवसात बघता येते. वायमार आणि देसाउ एका दिवसात जोडण्याचा मोह मात्र टाळा. गाड्या बदलण्यातच दिवसाचा मोठा भाग जातो आणि दोन्हीकडे उरलेल्या घाईत फक्त फोटो निघतात.

एक सावधगिरी अगदी पत्ता शोधतानाच घ्यायची. जर्मनीत ‘बाउहाउस’ याच नावाची हार्डवेअर आणि घरबांधणीच्या सामानाची मोठी दुकानांची साखळी आहे. फोनच्या नकाशात नुसतं ‘बाउहाउस’ टाकलं तर खिळे-रंग-फरश्यांच्या दुकानाकडे वाट दाखवली जाते. ‘बाउहाउस म्युझियम देसाउ’ असं पूर्ण नाव टाका. टॅक्सीवाल्यालाही तसंच सांगा.

दिवस आणि तिकीट

सोमवार हा जर्मन संग्रहालयांचा ठरलेला सुट्टीचा वार. देसाउमध्ये ऋतूप्रमाणे वेळा बदलतात आणि हिवाळ्यात सोमवार हमखास अडतो, तेव्हा शक्यतो मंगळवार ते शुक्रवारमधले दोन दिवस धरा. रविवारी संग्रहालय उघडं असतं पण गावातली दुकानं बंद असतात, त्यामुळे पाणी आणि खाण्याचं शनिवारीच बघून ठेवा. डिसेंबर-जानेवारीत चारच्या सुमाराला अंधारून येतं. एप्रिल ते सप्टेंबर हा काळ चांगला, कारण इथे इमारतींभोवती फिरून बघायचं बरंच आहे.

मूळ इमारत, शिक्षकांची घरं आणि संग्रहालय यांची तिकिटं वेगवेगळी मिळतात आणि एकत्रही. तिन्ही बघायची असतील तर एकत्र तिकीट घ्या. मार्गदर्शकासोबतची फेरी हा मात्र वेगळा विषय आहे, आणि त्यावर पैसे घालवावेत असं आम्ही ठामपणे सांगू. शाळेच्या इमारतीतल्या काही खोल्या फक्त फेरीसोबतच उघडतात. बहुतेक फेऱ्या जर्मन भाषेत असतात, इंग्रजीतल्या मोजक्या. म्हणून आधी इंग्रजी फेरीची तारीख शोधायची आणि मग गाडीचं तिकीट काढायचं. उलट्या क्रमाने केलं की नेमकी आपल्या दिवशी फेरी नसते.

पोचायचं कसं

बर्लिनहून देसाउला थेट प्रादेशिक गाडी आहे, दीड ते दोन तास धरा. लाइपझिगहून अंतर बरंच कमी, साधारण एक तास. लाइपझिगला मुक्काम ठेवला तर एक सोय आहे: झाक्सन-आनहाल्ट राज्याचं दिवसाचं तिकीट झाक्सन आणि थ्युरिंगन या शेजारच्या राज्यांतही चालतं, आणि ते पाच जणांपर्यंत एकत्र काढता येतं. त्यावर देसाउही होतं आणि वेगळ्या दिवशी नवं तिकीट काढून वायमारही. दोन अटी लक्षात ठेवा. कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतर लागू होतं, आणि आयसीई-आयसी या वेगवान गाड्यांत चालत नाही. तिकिटावर नाव लिहायला विसरलात तर तपासनीस ते बाद धरू शकतो.

देसाउच्या मुख्य स्थानकाला दोन बाजू आहेत. शाळेची मूळ इमारत पश्चिमेला, चालत दहाएक मिनिटं. संग्रहालय पूर्वेला, गावातल्या उद्यानाच्या कडेला, चालत पंधरा मिनिटांच्या आत. चुकीच्या बाजूने बाहेर पडलात तर स्थानकाला वळसा घालावा लागतो, म्हणून फलाटावरच दिशा नक्की करा. संग्रहालय, शाळा, शिक्षकांची घरं आणि एल्बे नदीकाठचं कोर्नहाउस हे उपाहारगृह यांना जोडणारी १० नंबरची बस आहे. शनिवार-रविवारी तिच्या फेऱ्या विरळ होतात. थांब्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवला की परतताना ताटकळावं लागत नाही.

पहिला दिवस, सकाळ: संग्रहालय

आधी संग्रहालय की आधी इमारत, यावर दोन मतं असतात. आमचं मत संग्रहालयाच्या बाजूने. तिथे दिवा, खुर्ची, दाराची मूठ, भिंतीचा रंग यांचे प्रयोग एकेक सुटे दिसतात, आणि दुपारी शाळेत गेल्यावर तेच सगळे एका खोलीत जमलेले भेटतात. उलट क्रमाने गेलात तर इमारतीतल्या निम्म्या गोष्टी नजरेतून निसटतात.

मोठी पाठपिशवी आत नेता येत नाही. लॉकरसाठी एक आणि दोन युरोचं नाणं खिशात ठेवा, परतीच्या वेळी ते बहुधा परत मिळतं. शक्यतो स्वतःचे इअरफोन आणा. फोनवरचं मार्गदर्शन मोठ्याने लावलं तर इतरांना त्रास होतो. खासगी वापरासाठी फोटो साधारणपणे चालतात, पण फ्लॅश आणि तिपाई नाही. उसन्या आणलेल्या कलाकृतींजवळ काट मारलेल्या कॅमेऱ्याचं चिन्ह असेल तर फोटो नाहीच.

बार्सिलोनाच्या आडेन्डा आर्किटेक्ट्सनी ही इमारत केली आहे. खालचा मजला पूर्ण काचेचा आणि मोकळा. त्याच्यावर सुमारे पाच मीटर उंचीवर शंभर मीटर लांबीची काँक्रीटची बंद पेटी ठेवलेली. संग्रह या पेटीत आहे. वर गेल्यावर पहिली प्रतिक्रिया ‘इथे इतका अंधार का’ अशी होते. कापड, कागद, जलरंग आणि जुने फोटो उजेडाने कायमचे फिके पडतात, आणि फिका पडलेला रंग परत आणता येत नाही. अशा वस्तूंना जगभर साधारण ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) इतकाच उजेड दिला जातो. लख्ख काचेच्या मजल्यावरून थेट वर गेलात तर डोळे सरावायला पाच ते दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ मजकुराच्या फलकांपाशी घालवा, मग कापडांकडे जा. नाहीतर सगळी विणकामं करडी दिसतील आणि दोष त्यांचा वाटेल. याच कारणाने नाजूक वस्तू अधूनमधून बदलल्या जातात. एखादी विशिष्ट वस्तू बघायचीच असेल तर ती सध्या मांडलेली आहे का, हे आधी ईमेलने विचारा.

वस्तू कशा वाचायच्या

सुरुवात पूर्व-अभ्यासक्रमापासून करा, खुर्च्यांपासून नको. शाळेत आलेल्या प्रत्येकाला कार्यशाळेत शिरण्याआधी हा वर्ग करावा लागे. सुरुवातीला योहान्नेस इटन तो घेत असे, १९२३ पासून लास्लो मोहोली-नागी आणि योझेफ आल्बर्स. आल्बर्सच्या वर्गातली कागदाची कामं दिसली तर तिथे थांबा. एक कागद घ्यायचा, कात्री आणि घडी एवढंच वापरायचं, काही वाया घालवायचं नाही, आणि त्या कागदात आपसूक असलेली ताकद शोधायची. सपाट कागद उभा राहत नाही, पण एक घडी पडली की राहतो. पुढे पत्र्याला आणि नळीला हेच विचारलं गेलं. घरी परतल्यावर तोच प्रयोग साध्या कागदावर करून बघा, पेटीतल्या त्या घड्यांकडे बघायची नजरच बदलते.

(शाळेचं काम फार लवकर दूरवर पोचलं होतं. १९२२ च्या डिसेंबरमध्ये कलकत्त्यात भरलेल्या प्रदर्शनात कांडिन्स्की, क्ले, फाइनिंगर, इटन यांची चित्रं लागली होती. देसाउच्या इमारतीचा पायाही तेव्हा खणला गेला नव्हता.)

मग धातू. मारिआन ब्रांटची १९२४ ची छोटी चहादाणी ही या शाळेची सगळ्यात जास्त छापली गेलेली वस्तू असावी. फोटोत ती मोठी वाटते, प्रत्यक्षात उंची जेमतेम साडेसात सेंटिमीटर. ती पूर्ण चहासाठी नाही. तिच्यात दाट अर्क करायचा, तो कपात थोडा ओतायचा आणि वर गरम पाणी घालायचं. आता भाग मोजा. अर्धगोल भांडं, खाली फुलीच्या आकाराचा पाया, झाकण मधोमध नसून मागे सरकवलेलं, आत गाळणी, आणि मूठ धातूची न करता काळ्या आबनूस लाकडाची, कारण धातू तापतो आणि हात भाजतो. यंत्रातून निघाल्यासारखी दिसणारी ही वस्तू हाताने ठोकून केलेली आहे. म्हणून ती महाग पडली आणि मोठ्या संख्येने कधी निघालीच नाही. सुरुवातीच्या बाउहाउसची सगळी कोंडी या मूठभर भांड्यात दिसते: आकार कारखान्याचा, श्रम सोनाराचे.

विल्हेल्म वागनफेल्ड आणि कार्ल याकोब युकर यांच्या १९२३-२४ च्या टेबलदिव्याचंही तेच झालं. दुधी काचेचा घुमट, काचेचा दांडा, आत वायर नेणारी धातूची नळी. दिसायला स्वस्त कारखानी माल, किंमत हातकामाची, आणि लाइपझिगच्या व्यापारी मेळ्यात व्यापाऱ्यांना नेमकं हेच खटकलं. याच्या शेजारी १९२८ नंतरचा कान्डेम कंपनीचा उशाशी ठेवायचा दिवा मांडलेला असेल तर दोघांकडे आलटून पालटून बघा. रंगवलेला पत्रा, हलवता येणारी टोपी, अंधारात चाचपडताना सहज सापडेल असं बटण. हा दिवा कारखान्यासाठीच आखलेला होता आणि खपलाही. मधल्या चार-पाच वर्षांत शाळा काय शिकली ते या दोन दिव्यांत दिसतं.

खुर्चीकडे समोरून बघू नका, खाली वाका. मार्सेल ब्रॉयरने १९२५-२६ मध्ये केलेली पोलादी नळीची आरामखुर्ची घ्या. नळी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, ते नजरेने फिरत जाऊन शोधा. जोड कुठे आहेत? बोल्ट आहेत की डाग दिलेला आहे? मग कापडाचे पट्टे बघा. बसणाऱ्याचं अंग त्या ताणलेल्या पट्ट्यांवर टेकतं, गार पोलादावर नाही. हे कापड ‘आयझनगार्न’ म्हणजे लोखंडी सूत या नावाने ओळखलं जातं, पण त्यात लोखंड नाही. मेण चढवून घोटलेलं ते सुती सूत आहे. आज दुकानांत मिळणारी बहुतेक कातडी आवृत्ती पाहून मूळही कातड्याची असेल असा समज होतो. ‘वासिली’ हे नावसुद्धा इटलीतल्या नंतरच्या उत्पादकाने दिलेलं, शाळेत ती बी-३ होती.

योझेफ हार्टविगचा १९२३-२४ चा बुद्धिबळाचा संच मुलांसोबत बघायला सगळ्यात चांगला. मोहरा कसा चालतो ते त्याच्या आकारातच आहे. हत्ती सरळ चालतो म्हणून तो साधा घन. उंट तिरका चालतो म्हणून फुलीचा आकार. घोड्याचे ठोकळे काटकोनात जोडलेले. वजिराच्या घनावर गोल चेंडू, कारण त्याला सगळ्या दिशा मोकळ्या. राजाच्या घनावर तिरका बसवलेला छोटा घन. नियम माहीत असलेल्या मुलाला नावं न सांगता मोहरे ओळखायला लावा. आल्मा बुशरचा १९२३ चा जहाजाचा खेळही असाच. रंगीत लाकडाचे २२ तुकडे, त्यांतून जहाज होतं, आणि दुसरं बरंच काही.

विणकामापाशी मात्र घाई करू नका. शाळेत आलेल्या बहुतेक मुलींना विणकामाच्या कार्यशाळेकडे वळवलं गेलं, आणि सगळ्यात चिवट, नफा देणाऱ्या कार्यशाळांपैकी ती एक ठरली. १९२७ ते १९३१ या काळात ती गुंटा श्टोल्त्सलने चालवली. भिंतीवरच्या मोठ्या कापडांपेक्षा नमुन्याचे छोटे तुकडे जास्त शिकवतात. पेटीच्या काचेला नाक न लावता जितकं जवळ जाता येईल तितकं जा आणि कडेला ताणा आणि बाणा वेगळे करून बघा. कुठे सूत, कुठे कृत्रिम रेशीम, कुठे सेलोफेन? आनी आल्बर्सने १९३० मध्ये पदविकेसाठी बेर्नाउच्या कामगारसंघ शाळेच्या सभागृहाचं भिंतीवरचं कापड विणलं. त्याची एक बाजू आवाज शोषून घेते आणि सेलोफेनची दुसरी बाजू उजेड परतवते. हे वाचलं की ‘शोभेचं कापड’ हा शब्द या दालनात वापरावासा वाटत नाही.

भिंतीवरचे कागद, म्हणजे वॉलपेपर, लोक न बघताच पुढे जातात. बाजारात सगळ्यात जास्त चाललेली बाउहाउसची वस्तू तीच. राश कंपनीने १९३० पासून आणलेल्या या कागदांवर बारीक, जवळजवळ एकरंगी पोत आहे. मोठी वेलबुट्टी असली की पट्टे जुळवताना कागद वाया जातो. इथे जुळवायलाच काही नाही, म्हणून छोट्या घरांना ते परवडले.

मातीची भांडी इथे फारशी दिसणार नाहीत. कुंभारकामाची कार्यशाळा वायमारच्या काळात जवळच्या डोर्नबुर्गला होती आणि देसाउला ती आलीच नाही. त्यांसाठी वायमारच गाठा.

दुपार: शाळेची इमारत

४ डिसेंबर १९२६ रोजी उद्घाटन झालेली ही इमारत ग्रोपिउसने केली. आत शिरण्याआधी पूर्ण प्रदक्षिणा घाला, वीस मिनिटं. या इमारतीला दर्शनी बाजू अशी नाहीच. काचेचा कार्यशाळांचा भाग, व्यवसायशाळेचा भाग, त्यांना जोडणारा रस्त्यावरचा दुमजली पूल, आणि छोट्या बाल्कन्यांचा विद्यार्थी-निवास हे वेगवेगळ्या कामांचे भाग वेगवेगळे दिसतील अशा बेताने मांडले आहेत. एका जागी उभं राहून सगळं फोटोत बसवायचा प्रयत्न कराल तर दरवेळी काहीतरी सुटेल.

काचेच्या भिंतीच्या कोपऱ्यापाशी जा. तिथे खांब नाही. भार पेलणारे काँक्रीटचे खांब आत सरकवलेले आहेत आणि काच मजल्यांपुढे पडद्यासारखी टांगली आहे. मूळ काचभिंत युद्धात गेली. आज दिसते ती १९७६ मध्ये अॅल्युमिनियमच्या चौकटीत पुन्हा उभारलेली, मूळ चौकट पोलादाची होती. एकेरी काचेमुळे या कार्यशाळा उन्हाळ्यात तापत आणि हिवाळ्यात गारठत. आजही ऑगस्टच्या दुपारी आत गेलात तर ते अंगावर कळतं, म्हणून पाण्याची बाटली जवळ असू द्या.

आत गेल्यावर चार गोष्टी शोधा. जिन्याजवळ रेडिएटर खाली कोपऱ्यात न दडवता चित्रासारखा भिंतीवर लावलेला आहे. खिडक्यांची अख्खी रांग एका चाकाने आणि साखळीने एकदम उघडते. तुळया आणि छताचे पट्टे वेगळ्या रंगात आहेत, कारण हिनर्क शेपरच्या रंगयोजनेत भार घेणारा भाग आणि नुसता जागा भरणारा भाग वेगळा कळावा असं ठरलं होतं. आणि सभागृहात ब्रॉयरच्या नळीच्या घडीच्या खुर्च्या, ज्यांचे सुटे प्रयोग सकाळी पाहिले. सभागृह, रंगमंच आणि जेवणघर एका रांगेत आहेत. मधली दारं उघडली की एकच लांब जागा होते. सभागृह बंद असेल तर हीच ती वेळ, जेव्हा फेरीचं तिकीट वसूल होतं.

संध्याकाळी उशिरा गाडी असेल तर दिवेलागणीला परत एकदा रस्त्यावर या. दिवसा काच आभाळ परतवते आणि आतलं काही दिसत नाही. आत दिवे लागले की मजले, खांब आणि काचेमधलं अंतर एकदम उघडं होतं.

विद्यार्थी-निवासाच्या २८ खोल्यांपैकी काहींमध्ये रात्री राहता येतं. खोली साधारण २० चौरस मीटरची, सामान मोजकं, आणि न्हाणीघर मजल्यावर सामायिक. हॉटेलची अपेक्षा ठेवली तर निराशा होईल. पण पहिल्या पाहुण्याच्या आधी सकाळी तो जिना एकट्याने उतरायला मिळतो, आणि त्यासाठी सामायिक न्हाणीघर सोसावं. आरक्षण बरंच आधी करा.

दुसरा दिवस

शिक्षकांची घरं शाळेपासून चालत दहा मिनिटांवर, पाइन झाडांमध्ये आहेत. संचालकाचं एक आणि तीन जोडघरं. जोडघराचे दोन अर्धे एकाच नकाशाचे आहेत, फक्त एक दुसऱ्याच्या आरशातला आणि ९० अंशांत वळवलेला. दारातला नकाशा हातात फिरवून बघा. हे कळायला नवख्याला पाच मिनिटं लागतात, पण कळलं की घरांतली फिरती सोपी होते. कांडिन्स्कीच्या बैठकीतला फिका गुलाबी रंग आणि कोनाड्यातला सोन्याचा वर्ख बघून ‘बाउहाउस म्हणजे पांढरं’ हा समज तिथेच सुटतो. काळ्यापांढऱ्या फोटोंनी तो पसरवला.

संचालकाचं घर आणि मोहोली-नागीचा अर्धा भाग १९४५ च्या बाँबहल्ल्यात गेला. २०१४ मध्ये त्यांच्या जागी उभं राहिलेलं बांधकाम मुद्दाम धूसर ठेवलं आहे. आकार तोच, पण खिडक्या दुधी, तपशील पुसलेले. काम अर्धवट राहिलंय असं समजून पुढे जाऊ नका. हरवलेलं घर हुबेहूब बनवून खोटा दाखला द्यायचा नाही, हा त्यामागचा निर्णय आहे, आणि तो आम्हाला पटतो.

ट्यॉर्टन या कामगारांच्या वसाहतीसाठी देसाउ स्यूड दिशेची १ नंबरची ट्राम घ्या. १९२६ ते १९२८ मध्ये इथे ३१४ घरं बांधली गेली. ठोकळे जागेवरच ओतले, तुळया क्रेनने चढवल्या, आणि प्रत्येक घरामागे भाजी लावायला आणि कोंबड्या-बकऱ्या पाळायला जमीन दिली. रांगेने चाललात तर मूळ दिसणारं घर क्वचितच सापडेल. खिडक्या फार उंचावर होत्या, भिंतींना तडे गेले, तेव्हा राहणाऱ्यांनी त्या बदलल्या, दारं बदलली, रंग बदलले. बदललेल्या आणि मूळ खिडकीची उंची शेजारी शेजारी तुलना करून बघा. स्वस्त घर लवकर बांधण्याच्या प्रयोगात कुठे चुकलं, ते त्या दोन चौकटी सांगतात. ही राहती घरं आहेत. रस्त्यावरूनच बघा, अंगणात पाय ठेवू नका, खिडकीतून आतले फोटो नकोत. आत जायची उत्सुकता १९२८ च्या कोन्झुम इमारतीतल्या माहिती केंद्रात भागते. तिथून जवळच शाळेचा दुसरा संचालक हान्नेस मायर याच्या काळातली १९३० ची बाहेरच्या सज्जांची पाच विटांची घरं आहेत, एकूण ९० बिऱ्हाडं. ट्यॉर्टनमधल्या चुका पाहिल्यावर यांच्या नेटक्या नकाशाची किंमत कळते, म्हणून क्रम हाच ठेवा.

जेवायला कोर्नहाउसला जायचं असेल तर १० नंबरच्या बसची परतीची वेळ आधी बघा. कार्ल फीगरने १९२९-३० मध्ये केलेलं हे नदीकाठचं उपाहारगृह आहे. अर्धगोल काचेच्या व्हरांड्यात जागा मिळाली तर एल्बे समोर असते.

एकच दिवस हातात असेल तर ट्यॉर्टन सोडा, शिक्षकांची घरं सोडू नका.

वायमार जोडायचं असेल तर

वेगळा दिवस द्या. संग्रहालयानंतर हाउस आम होर्न बघा. शाळेच्या १९२३ च्या प्रदर्शनासाठी गेओर्ग मुखेने आखलेलं हे चौकोनी घर आहे, मधोमध बैठक आणि भोवती छोट्या खोल्या. स्वयंपाकघरातला खिडकीखाली सलग चाललेला ओटा बघा, आजच्या ओट्यांचा तो पूर्वज. विद्यापीठाच्या मुख्य इमारतीतला ग्रोपिउसचा कक्ष पुन्हा उभारलेला आहे, पण तो फेरीसोबतच दिसतो.

वायमारपासून आठ-दहा किलोमीटरवर बूखनवाल्ड छळछावणीचं स्मारक आहे. तिच्या फाटकावरची लोखंडी अक्षरं फ्रान्त्स एर्लिख या कैद्याकडून आखून घेतली गेली. तो देसाउच्या बाउहाउसचा विद्यार्थी होता. ही भेट संग्रहालयाच्या दिवशी दुपारी कोंबू नका, तिला स्वतंत्र अर्धा दिवस लागतो.

घरी काय आणावं

दुकानातल्या बहुतेक वस्तू अधिकृत पुनरुत्पादनं असतात, जुन्या नसतात. टेक्नोलुमेन कंपनी वागनफेल्डचा दिवा १९८० पासून परवान्याने बनवते आणि पायाखाली अनुक्रमांक घालते. तो नसलेला ‘बाउहाउस दिवा’ नक्कल समजा. पण काचेचा दांडा आणि घुमट विमानाच्या सामानात देऊ नका, कंपनीकडून घरपोच मागवा. हार्टविगचा बुद्धिबळ-संच हातसामानात बिनधोक येतो. डब्यात ठोकळे मोजून घ्या, ३२ भरले पाहिजेत.